पाण्याच्या रसायनशास्त्राची मूलतत्त्वे : पर्यावरण अभियांत्रिकीच्या अध्यापनाच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

पर्यावरण अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात पाण्याचे रसायनशास्त्र बहुधा स्वतंत्र चाचण्यांची मालिका म्हणून शिकविले जाते. सामू, अल्कता, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, अवशिष्ट क्लोरीन असे एकेक प्रयोग होतात व त्यांची मर्यादामूल्ये पाठ केली जातात. प्रत्यक्षात हे घटक परस्परावलंबी असून त्यांपैकी एक बदलला की इतरही बदलतात. प्रस्तुत लेखात विद्युतभार संतुलन, कार्बोनेट समतोल, विद्राव्यता, निर्जंतुकीकरण आणि ऑक्सिडीकरण-क्षपण या पाच मूलतत्त्वांचे विवेचन केले आहे. त्यासाठी भूजलातील फ्लोराइड तसेच अमेरिकेतील वॉशिंग्टन व फ्लिंट या शहरांतील शिसे-प्रदूषण ही उदाहरणे घेतली असून, अखेरीस अध्यापनाविषयी काही सूचना मांडल्या आहेत.

प्रमुख संज्ञा : अल्कता, कार्बोनेट समतोल, विद्राव्यता गुणाकार, फ्लोराइड, मुक्त क्लोरीन, क्षरण.

१. प्रस्तावना

पाणी पिण्यायोग्य आहे किंवा नाही, हे ठरविण्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल प्रमाण मानला जातो. या अहवालाचे स्वरूप सर्वपरिचित आहे. डाव्या बाजूस घटकांची नावे, मध्यभागी आढळलेले प्रमाण आणि उजव्या बाजूस भारतीय मानक आय. एस. १०५०० : २०१२ नुसार स्वीकार्य व अनुज्ञेय मर्यादा. वाचणारा एकेका ओळीवरून नजर फिरवितो, मर्यादेबाहेरील आकड्याखाली रेघ ओढतो आणि त्या आकड्यावर उपाय शोधू लागतो.

प्रशासकीय सोयीसाठी ही पद्धत योग्य आहे. तथापि अभियंत्याने पाण्याकडे याच दृष्टीने पाहिले तर ते धोक्याचे ठरते. अहवालातील ओळी कागदावर वेगवेगळ्या असल्या तरी पाण्यातील आयन एकाच द्रावणात असतात. एका दोषावर उपाय करताना दुसरा दोष निर्माण होऊ शकतो, आणि तो अहवालात नोंदल्या न जाणाऱ्या ठिकाणी, म्हणजे नळाच्या पाइपात किंवा बालकाच्या हाडांत प्रकट होऊ शकतो.

१९७० साली वर्नर स्टुम आणि जेम्स मॉर्गन यांचा ‘ॲक्वॅटिक केमिस्ट्री’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नैसर्गिक पाण्याचा विचार रासायनिक समतोलाच्या चौकटीत करण्याची जी पद्धत त्यात मांडली गेली, ती पुढे पर्यावरण अभियांत्रिकीच्या अध्यापनाचा पाया ठरली. असे असूनही पदवी स्तरावर समतोलाचा भाग सिद्धांताच्या तासाला आणि चाचण्यांचा भाग प्रात्यक्षिकाला अशी फारकत अद्याप आढळते. ही फारकत कमी करणे कसे शक्य आहे, याचा विचार येथे अभिप्रेत आहे.

२. द्रावक म्हणून पाणी आणि विद्युतभार संतुलन

पाण्याच्या रेणूत दोन हायड्रोजन अणू ऑक्सिजनशी सुमारे १०४.५ अंशांचा कोन करून जोडलेले असतात. या वाकलेल्या रचनेमुळे रेणूच्या एका टोकास अंशतः ऋण, तर दुसऱ्या टोकास अंशतः धन भार येतो. २० अंश सेल्सिअस तापमानास पाण्याचा परावैद्युत स्थिरांक सुमारे ८० असतो. म्हणजेच विरुद्ध भारांच्या आयनांमधील आकर्षण निर्वाताच्या तुलनेत सुमारे ऐंशी पटींनी क्षीण होते. खडकांतील खनिजे पाण्यात विरघळतात ती यामुळेच. विहिरीचे पाणी ज्या खडकातून झिरपले, त्या खडकाची खूण ते सोबत घेऊन येते.

पाण्यात कितीही प्रकारचे आयन असले तरी धनायनांचा एकूण भार ऋणायनांच्या एकूण भाराइतका असलाच पाहिजे. हे साधे तत्त्व अहवाल तपासण्याची पहिली कसोटी आहे. तीसाठी प्रत्येक आयनाचे मिलिग्रॅममधील प्रमाण त्याच्या सममूल्यभाराने भागून मिलिसममूल्यात मांडावे लागते. उदाहरणादाखल पुढील काल्पनिक नमुना घेता येईल. (सर्व प्रमाणे मि.ग्रॅ. प्रतिलिटर असून कंसात मिलिसममूल्य दिले आहे.)

धनायन : कॅल्शियम १० (०.५), मॅग्नेशियम ६.१ (०.५), सोडियम १६१ (७.०), एकूण ८.०.
ऋणायन : बायकार्बोनेट ३६६ (६.०), क्लोराइड ५३ (१.५), सल्फेट १९ (०.४), फ्लोराइड १.९ (०.१), एकूण ८.०.

दोन्ही बेरजा जुळतात. म्हणून हा अहवाल अंतर्गत दृष्ट्या सुसंगत आहे. बेरजांत मोठी तफावत असती, तर एखादे विश्लेषण चुकले आहे किंवा एखादा महत्त्वाचा आयन मोजलाच गेलेला नाही, असा निष्कर्ष निघाला असता. मर्यादामूल्यांशी तुलना करून ही चूक कधीच उघड होत नाही.

हा नमुना आणखीही काही सांगतो. कॅल्शियम व मॅग्नेशियम मिळून १ मिलिसममूल्य, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात कठीणपणा केवळ ५० मि.ग्रॅ. प्रतिलिटर आहे. अल्कता मात्र ३०० आहे. कठीणपणापेक्षा अल्कता इतकी अधिक असणे, याचा अर्थ पाण्यातील बहुतांश बायकार्बोनेट सोडियमच्या जोडीला आहे. असे पाणी मृदू असते. त्यात साबणाला भरपूर फेस येतो, डाळ लवकर शिजते, भांड्याच्या तळाशी किटण धरत नाही. गृहिणीच्या दृष्टीने ते उत्तम पाणी होय. याच पाण्यात फ्लोराइड १.९ मि.ग्रॅ. आहे, ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरणार आहे.

३. सामू, अल्कता आणि कार्बोनेट समतोल

सामू ही संकल्पना डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सेन यांनी १९०९ साली मांडली. सामू हे हायड्रोजन आयनांच्या तीव्रतेचे ऋण लघुगणकीय माप आहे. सामू एका एककाने बदलणे म्हणजे हायड्रोजन आयनांचे प्रमाण दहा पटींनी बदलणे होय. ही लघुगणकीय बाब विद्यार्थी परीक्षेत अचूक लिहितात, पण ७.५ आणि ८.५ हे आकडे ‘जवळपास सारखेच’ आहेत असे प्रात्यक्षिकाच्या वहीत नोंदवितात.

सामूपेक्षाही अधिक गोंधळ अल्कतेविषयी आढळतो. त्यास भाषेचाही हातभार आहे. ‘पाण्यात क्षार जास्त आहेत’ असे व्यवहारात म्हटले जाते, तेव्हा एकूण विरघळलेले पदार्थ अभिप्रेत असतात. अल्कतेलाही अनेक ठिकाणी ‘क्षारता’ म्हटले जाते. त्यामुळे खारेपणा, अल्कता आणि सामू या तीन भिन्न गोष्टी एकमेकींत मिसळून जातात. अल्कता म्हणजे आम्लास उदासीन करण्याची पाण्याची क्षमता. सामू हा पाण्याची त्या क्षणाची स्थिती सांगतो, तर अल्कता त्या स्थितीला टिकून राहण्याचे किती बळ आहे, हे सांगते.

हे बळ मुख्यतः कार्बोनेट प्रणालीतून येते. हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून कार्बोनिक आम्ल तयार होते. ते क्रमाने बायकार्बोनेट व कार्बोनेट आयनांत विघटित होते. २५ अंश सेल्सिअसला या दोन टप्प्यांचे स्थिरांक सामूच्या मोजपट्टीवर अनुक्रमे सुमारे ६.३५ व १०.३३ येथे आहेत. या दोहोंच्या दरम्यान बायकार्बोनेटचे प्राबल्य असते, आणि बहुतेक नैसर्गिक पाणी याच पट्ट्यात मोडते. प्रयोगशाळेत फिनॉल्फ्थॅलीनचा रंग सुमारे ८.३ सामूला जातो आणि मिथिल ऑरेंजचा बदल सुमारे ४.५ च्या आसपास होतो. हे दोन अंतिम बिंदू यादृच्छिक नाहीत. पहिल्या बिंदूशी कार्बोनेटचे बायकार्बोनेटमध्ये आणि दुसऱ्याशी बायकार्बोनेटचे कार्बोनिक आम्लात रूपांतर पूर्ण होते. एवढे स्पष्ट केले तर अनुमापनाचा प्रयोग हा ब्युरेटचे वाचन न राहता समतोलाचे दर्शन ठरतो.

अल्कतेचे अभियांत्रिकी महत्त्व तुरटीच्या मात्रेत दिसते. तुरटी, म्हणजे जलशुद्धीकरण केंद्रात वापरले जाणारे ॲल्युमिनियम सल्फेट, पाण्यात घातल्यावर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या गुठळ्या बनतात व गाळ त्यांच्यात अडकून खाली बसतो. या अभिक्रियेत आम्ल निर्माण होते व बायकार्बोनेट खर्ची पडते. चौदा जलरेणू असलेल्या तुरटीचा रेणुभार ५९४ धरल्यास, तिचा एक रेणू कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात ३०० भार अल्कता वापरतो. म्हणजेच १ मि.ग्रॅ. तुरटीमागे सुमारे ०.५ मि.ग्रॅ. अल्कता खर्च होते.

आता पावसाळ्यातील नदीचा विचार करावा. पहिल्या मोठ्या पुरात गढूळपणा एकदम वाढतो आणि तुरटीची मात्राही वाढवावी लागते. नेमक्या त्याच वेळी पावसाच्या पाण्याने नदी सौम्य झालेली असते. हवेतील कार्बन डायऑक्साइडशी समतोलात असलेल्या शुद्ध पर्जन्यजलाचा सामू सुमारे ५.६ असतो व त्यात अल्कता जवळजवळ नसते. उन्हाळ्यात पुरेशी असलेली अल्कता ऐन गरजेच्या वेळी घटते. समजा, पाण्यात ३० मि.ग्रॅ. अल्कता उरली आहे आणि चालकाने ६० मि.ग्रॅ. तुरटी सोडली, तर हिशेबाने सारी अल्कता संपते, सामू कोसळतो, गुठळ्या नीट धरत नाहीत आणि विरघळलेले ॲल्युमिनियम गाळणीतून पुढे जाते. गढूळपणा न उतरल्यामुळे चालक तुरटी आणखी वाढवितो. दोष तुरटीच्या कमतरतेचा नसून अल्कतेच्या कमतरतेचा आहे आणि उपाय चुनकळीचा आहे, हे ज्याला समतोल समजला आहे त्यालाच उमगते.

४. विद्राव्यता : भूजलातील फ्लोराइड

भारतात स्थानिक स्वरूपाच्या फ्लोरोसिसची नोंद १९३७ साली तत्कालीन मद्रास इलाख्यातून झाली. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड आदी जिल्ह्यांतील काही गावे या व्याधीने ग्रासलेली आहेत. प्रारंभी मुलांच्या दातांवर पांढुरके, नंतर तपकिरी डाग पडतात. दीर्घकाळ अधिक फ्लोराइड पोटात गेल्यास हाडे व सांधे आखडतात. झालेली हानी भरून येत नाही. म्हणूनच आय. एस. १०५०० मध्ये फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा १.० आणि पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मि.ग्रॅ. प्रतिलिटर ठेवली आहे.

फ्लोराइड पाण्यात येते ते फ्लोराइट, ॲपेटाइट, बायोटाइट यांसारख्या खनिजांतून. मात्र खडकात फ्लोराइड आहे म्हणून पाण्यात ते अधिक येईलच, असे नाही. पाण्यात किती फ्लोराइड टिकेल, हे कॅल्शियम ठरविते. कॅल्शियम फ्लोराइडचा विद्राव्यता गुणाकार २५ अंशांस सुमारे ३.५ गुणिले दहाचा उणे अकरावा घात इतका आहे. कॅल्शियमची मोलर संहती आणि फ्लोराइडच्या मोलर संहतीचा वर्ग यांचा गुणाकार या मूल्यापुढे गेला की अवक्षेप तयार होऊ लागतो.

आयनांची परस्पर आकर्षणे तूर्त दुर्लक्षून हा हिशेब दोन पाण्यांसाठी मांडता येतो. प्रतिलिटर १०० मि.ग्रॅ. कॅल्शियम असलेल्या कठीण पाण्यात समतोलास सुमारे २.२ मि.ग्रॅ. फ्लोराइड राहू शकते. प्रतिलिटर १० मि.ग्रॅ. कॅल्शियम असलेल्या मृदू पाण्यात हीच मर्यादा सुमारे ७.१ मि.ग्रॅ. पर्यंत जाते. कॅल्शियम दहा पटींनी कमी झाले की फ्लोराइडची कमाल मर्यादा दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे तिप्पटीहून अधिक वाढते.

निसर्गात कॅल्शियम कमी होण्याचे दोन मार्ग आहेत. पाणी भूगर्भात दीर्घकाळ राहिल्यास बायकार्बोनेट व कॅल्शियम एकत्र येऊन कॅल्साइटचा अवक्षेप बनतो. तसेच चिकणमातीतील खनिजे पाण्यातील कॅल्शियम घेऊन सोडियम सोडतात. परिणामी पाणी सोडियम-बायकार्बोनेट प्रकारचे व मृदू होते आणि फ्लोराइट अधिकाधिक विरघळू लागते. दुसऱ्या विभागातील काल्पनिक नमुना अशाच पाण्याचा आहे. त्यावरून एक विसंगत वाटणारे सत्य हाती येते. ज्या विंधन विहिरीच्या पाण्याला लोक ‘गोड’ म्हणतात, ज्यात साबण फेसाळतो व डाळ शिजते, तेच पाणी फ्लोराइडग्रस्त पट्ट्यात अनेकदा अधिक घातक असते. गावकऱ्यांना नावडणाऱ्या जड पाण्याच्या विहिरीत फ्लोराइडचे प्रमाण कमी असू शकते. चव, फेस आणि किटण यांवरून पाण्याची परीक्षा करण्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण येथे अपुरे पडते. अशा गावात जाणाऱ्या अभियंत्याला हे केवळ ठाऊक असून भागत नाही. ते समजावून सांगता आले पाहिजे.

काही घरगुती उपायांची निष्फळताही याच तत्त्वातून कळते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याची संहती किंचित वाढते. सोडियम चक्रावर चालणारे मृदूकरण यंत्र कॅल्शियम काढून घेते व फ्लोराइड तसेच ठेवते.

फ्लोराइड काढण्यासाठी नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेली ‘नलगोंडा पद्धती’ प्रसिद्ध आहे. तीत चुना, तुरटी व विरंजक चूर्ण घालून पाणी ढवळतात आणि तयार झालेल्या ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या गुठळ्यांबरोबर फ्लोराइड खाली बसते. येथे गढूळपणा घालविण्याच्या तुलनेत तुरटी कितीतरी अधिक लागते. काल्पनिक नमुन्यात ३०० मि.ग्रॅ. तुरटी घातली असे मानले, तर सुमारे १५० मि.ग्रॅ. अल्कता खर्च होऊन १५० उरते; ते चालण्यासारखे आहे. हीच मात्रा १०० मि.ग्रॅ. अल्कतेच्या पाण्यास दिली, तर चुन्याची जोड अपरिहार्य ठरते. शिवाय ३०० मि.ग्रॅ. तुरटीतून सुमारे १४५ मि.ग्रॅ. सल्फेट पाण्यात येते आणि सामू योग्य पट्ट्यात न राहिल्यास ॲल्युमिनियम शिल्लक राहते. फ्लोराइडची ओळ सुधारताना अल्कता, सामू, सल्फेट व ॲल्युमिनियम या चार ओळी हलतात. पद्धत सदोष आहे असा याचा अर्थ नाही. ती चालविणाऱ्यास या चारही ओळी पाहता आल्या पाहिजेत, एवढाच आहे.

५. निर्जंतुकीकरण : पिवळ्या रंगामागील रसायन

ग्रामीण पाणीपुरवठ्यात विरंजक चूर्ण ‘टीसीएल पावडर’ या नावाने ओळखले जाते आणि नळाच्या पाण्याची ओ. टी. चाचणी करून क्लोरीन आहे की नाही, हे पाहिले जाते. पिवळा रंग आला की पाणी निर्धोक, अशी सर्वसाधारण समजूत असते.

क्लोरीन पाण्यात गेल्यावर हायपोक्लोरस आम्ल तयार होते व ते अंशतः हायपोक्लोराइट आयनात विघटित होते. जंतुनाशक म्हणून आम्लरूप हे आयनरूपापेक्षा कितीतरी पटींनी प्रभावी असते, कारण भाररहित रेणू जीवाणूच्या आवरणातून सहज आत शिरतो. या समतोलाचा स्थिरांक २५ अंशांस सामूच्या मोजपट्टीवर सुमारे ७.५ येथे आहे. सामू ६.५ असताना नव्वद टक्क्यांहून अधिक क्लोरीन प्रभावी रूपात असतो, ७.५ ला सुमारे निम्मा, आणि ८.५ ला जेमतेम एक-दशांश. सामूसाठी मानकाने दिलेली मर्यादा ६.५ ते ८.५ हीच आहे. म्हणजे दोन पाणी-नमुने सामूच्या बाबतीत ‘योग्य’ आणि क्लोरीनच्या बाबतीतही ‘योग्य’ असूनही त्यांच्या जंतुनाशक शक्तीत नऊ पटींचा फरक असू शकतो. चाचणीतील पिवळा रंग हा भेद दाखवीत नाही.

याखेरीज पाण्यात अमोनिया असल्यास क्लोरामाइने तयार होतात. तीही क्लोरीन म्हणून मोजली जाऊ शकतात, परंतु त्यांची जंतुनाशक क्रिया मंद असते. विरंजक चूर्ण ओलसर जागी साठविल्यास त्यातील उपलब्ध क्लोरीन घटत जातो, हेही लक्षात घेणे अगत्याचे आहे. साथीच्या काळात ‘चार किलो टाकले’ ही नोंद पुरेशी नसते. त्यातील उपलब्ध क्लोरीन, पाण्याची क्लोरीनमागणी, सामू आणि संपर्ककाळ या चौघांनी मिळून परिणाम ठरतो.

६. ऑक्सिडीकरण-क्षपण : दोन शहरांचा धडा

विंधन विहिरीचे पाणी उपसताना स्वच्छ दिसते, पण बादलीत काही वेळ राहिले की तांबूस होते, हा अनुभव अनेक ठिकाणी येतो. भूगर्भात ऑक्सिजनचा अभाव असल्याने लोह द्विसंयुजी, विद्राव्य रूपात असते. हवेशी संबंध येताच ते त्रिसंयुजी होऊन अवक्षेपित होते. या बदलाचा वेगही सामूवर अवलंबून असतो. उदासीन सामूच्या आसपास तो हायड्रॉक्सिल आयनांच्या संहतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सामू एका एककाने वाढला की शंभर पट. लोह-निष्कासन संयंत्रात वायुमिश्रणाचा टप्पा आधी का असतो, याचे उत्तर येथे मिळते. वायुमिश्रणाने ऑक्सिजन मिळतो आणि कार्बन डायऑक्साइड निघून गेल्याने सामूही वाढतो.

हेच तत्त्व दुर्लक्षिले गेल्यास काय घडते, याची दोन उदाहरणे अमेरिकेत घडली. वॉशिंग्टन शहरात नोव्हेंबर २००० मध्ये मुक्त क्लोरीनऐवजी क्लोरामाइनचा वापर सुरू झाला. क्लोरीन व सेंद्रिय द्रव्यांपासून बनणारी हानिकारक उपउत्पादने कमी करणे, हा त्यामागील हेतू योग्य होता. परंतु शहरातील शिशाच्या जोडनळ्यांच्या आत मुक्त क्लोरीनच्या तीव्र ऑक्सिडीकारक प्रभावाने शिशाच्या डायऑक्साइडचा अत्यंत अविद्राव्य थर साचलेला होता. क्लोरामाइनमुळे पाण्याचे ऑक्सिडीकारक विभव उतरले, थरातील चतुःसंयुजी शिसे द्विसंयुजी रूपात आले व पाण्यात विरघळू लागले. २००१ ते २००४ या काळात अनेक घरांतील पाण्यात शिशाचे प्रमाण वाढलेले आढळले. अखेर २००४ मध्ये ऑर्थोफॉस्फेट मिसळण्यास प्रारंभ झाला.

दुसरे उदाहरण मिशिगन राज्यातील फ्लिंट शहराचे. खर्च वाचविण्याच्या हेतूने २५ एप्रिल २०१४ रोजी शहराने डेट्रॉइटमार्गे येणारे ह्युरॉन सरोवराचे पाणी सोडून फ्लिंट नदीचे पाणी घेण्यास सुरुवात केली. आधीच्या पाण्यात क्षरणरोधक ऑर्थोफॉस्फेट मिसळलेले असे. नव्या पाण्यात ते मिसळले गेले नाही. नदीच्या पाण्यात क्लोराइड अधिक होते आणि किलाटनासाठी वापरलेल्या फेरिक क्लोराइडने त्यात भर घातली. जुन्या नळ्यांतील संरक्षक थर ढासळले. लोखंडी नळ्यांच्या क्षरणात क्लोरीन खर्ची पडू लागला. २०१४ च्या उन्हाळ्यातच जीवाणू आढळल्याने पाणी उकळून पिण्याच्या सूचना द्याव्या लागल्या. क्लोरीन वाढविल्यावर उपउत्पादनांची मर्यादा ओलांडली गेली. ऑक्टोबर २०१४ मध्ये तेथील जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने, यंत्रभाग गंजत असल्यामुळे, हे पाणी घेणे थांबविले. शहरवासीयांना मात्र आणखी एक वर्ष तेच पाणी प्यावे लागले. पाच वर्षांखालील बालकांच्या रक्ततपासणीत शिशाची पातळी वाढलेल्या बालकांचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्के झाल्याचे डॉ. मोना हॅना-अटिशा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. २०१४-१५ मध्ये त्या परिसरात लीजनेअर रोगाची साथ येऊन किमान १२ जण मृत्युमुखी पडले. पाण्यातील अवशिष्ट क्लोरीन खालावल्याशी संशोधकांनी तिचा संबंध जोडला आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्याकडे वळले.

फ्लिंटच्या घटनेत प्रशासकीय बेपर्वाईचा वाटा मोठा होता, हे निःसंशय. तरीही रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्यात अज्ञात असे काहीच नव्हते. क्लोराइड, सामू, फॉस्फेट, लोह, क्लोरीन आणि शिसे यांचे परस्परसंबंध ग्रंथांत उपलब्ध होते. प्रत्येक अडचण स्वतंत्र समजून तिच्यावर स्वतंत्र उपाय केला गेला आणि त्या उपायाने पुढची अडचण जन्मास घातली.

७. अध्यापनविषयक विचार

वरील विवेचनावरून अध्यापनासाठी पुढील मुद्दे सुचविता येतील.

(१) प्रात्यक्षिकात एकाच पाण्याच्या नमुन्यावर सर्व चाचण्या व्हाव्यात आणि अखेरीस विद्युतभार संतुलन मांडणे अनिवार्य असावे. बेरीज न जुळल्यास विद्यार्थ्यास स्वतःची चूक शोधावी लागते. त्यातून होणारे शिक्षण गुणांपेक्षा मोलाचे असते.

(२) प्रत्येक शुद्धीकरण प्रक्रिया शिकविताना ‘यामुळे आणखी काय बदलेल?’ हा प्रश्न विचारला जावा. तुरटीबरोबर अल्कता, क्लोरीनबरोबर सामू, स्रोतबदलाबरोबर क्षरण या जोड्या विद्यार्थ्यांच्या मनात पक्क्या व्हाव्यात.

(३) महाविद्यालयाच्या परिसरातील एखादी विहीर व एखादी विंधन विहीर निवडून पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर त्यांचे विश्लेषण करावे. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग बेसॉल्ट खडकाने व्यापलेला असला, तरी पूर्व विदर्भात व अन्यत्र वेगळे खडक आहेत. स्थानिक भूगर्भाशी आकड्यांचा संबंध जोडण्यास भूगोल व भूशास्त्र विभागांचे साहाय्य घेता येईल.

(४) मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी अल्कता, क्षारता, खारेपणा, कठीणपणा या संज्ञांतील भेद पहिल्याच तासाला स्पष्ट करावा. पुढे त्यांना ग्रामपंचायतीत किंवा पाणीपुरवठा योजनेवर याच भाषेत लोकांशी बोलावयाचे असते.

८. समारोप

पाण्याचे रसायनशास्त्र हे सूत्रांच्या पाठांतराचे क्षेत्र नाही. विद्युतभार संतुलन अहवालाची विश्वासार्हता तपासते; कार्बोनेट समतोल तुरटीच्या यशापयशाचे कारण सांगतो; विद्राव्यता गुणाकार मृदू व चवदार पाण्यातील फ्लोराइडचा उलगडा करतो; हायपोक्लोरस आम्लाचा समतोल पिवळ्या रंगावरील आंधळा विश्वास दूर करतो; आणि ऑक्सिडीकरण-क्षपणाचे ज्ञान नळीच्या आत काय घडत आहे, हे दाखविते. ही पाचही तत्त्वे एकाच पेलाभर पाण्यात एकाच वेळी कार्यरत असतात.

अभियंत्याच्या चुकीची किंमत बहुतेक वेळा तो स्वतः मोजत नाही. ती डागाळलेल्या दातांचे मूल मोजते किंवा शिसेमिश्रित पाणी पिणारे बाळ मोजते. म्हणून पाणी तपासणीचा अहवाल हाती आल्यावर मर्यादेबाहेरील आकड्याखाली रेघ ओढण्यापूर्वी सर्व आकडे एकत्र वाचण्याची सवय विद्यार्थ्यांस लावणे, हे या विषयाच्या अध्यापनाचे प्रधान उद्दिष्ट मानले पाहिजे.